‘काय होवचा नाय’ हा समुद्राचा नियम नव्हे

मे महिन्यात देवबाग-तारकर्लीच्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारं वाक्य कुठलं, सांगा बघू. ‘येवा, कोकण आपलाच आसा’? नाही. ते बोर्डावर असतं. जेटीवर ऐकू येतं ते वेगळंच:

‘काय होवचा नाय!’

दादा, जॅकेट ढगळ होतंय, काढू का? काढा, काय होवचा नाय. आम्ही दोघं जास्त आहोत, चालेल ना? बसा, काय होवचा नाय. वारा जरा जास्तच सुटलाय, तरी जायचं? चला हो, काय होवचा नाय.

मंडळी, ही पोस्ट पुण्या-कोल्हापूरच्या पर्यटकांना शिव्या घालायला लिहिलेली नाही. तसल्या पोस्टी रोज दहा येतात आणि आपण त्यांच्यावर हसण्याचे इमोजी टाकून मोकळे होतो. ही पोस्ट आपल्यासाठी आहे. होडीवाले, होमस्टेवाले, स्कूबावाले, ग्रामपंचायतीत बसणारे, आणि माझ्यासारखे नुसते किनाऱ्यावर राहणारे, सगळ्यांसाठी. कडू लागेल. तरी शेवटपर्यंत वाचा.

यंदाच्या मे महिन्यातली एक सफर सांगतो. नाव-गाव कुणाचंच सांगणार नाही, कारण मुद्दा एका होडीचा नाहीच. घरी पाहुणे आलेले, त्यांना घेऊन देवबागहून फेरीला निघालो. त्याच होडीत एक जोडपं होतं. नवीन लग्न झालेलं, स्वभावाने गोड, कुणाच्या अध्यात ना मध्यात. वर्षभर दोघांनी नोकऱ्या करायच्या आणि मे महिन्यात चार दिवस कोकण, असा त्यांचा हिशेब. त्यांचं काय चुकलं? काही नाही. दरपत्रकावर नेहमीची यादी: संगम, डॉल्फिन, सीगल बेट, किल्ले निवती, भोगवे, शेवटी त्सुनामी बेट. (मे महिन्यात सीगल कधीच परत गेलेले असतात. यादीत मात्र ते बाराही महिने आहेत. असो.)

निघताना जॅकेटं वाटली. वाटली म्हणजे हातात दिली. चार जणांचे बक्कल तुटके, एका पोराला मोठ्या माणसाचं जॅकेट. होडी मुखाबाहेर पडली तशी त्या मुलीने विचारलं, फोटोपुरतं काढू का? उत्तर तुम्हाला माहीत आहे. तिने काढलं, नवऱ्याने काढलं, मग दोघांचं बघून निम्म्या होडीने काढलं. ती नाळेवर जाऊन उभी राहिली, नवरा उलटा चालत मागे सरकत व्हिडिओ घेतोय. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, डॉल्फिन! झालं. सगळी होडी डाव्या अंगाला धावली. होडी कलली, पाणी कडेपर्यंत आलं. तांडेल गरजला, ‘बसा खाली! बसा!’ लोक हसत हसत बसले.

पुढे त्सुनामी बेट. हे बेट म्हणजे कर्ली नदीच्या मुखावरचा वाळूचा पट्टा. २००४ च्या डिसेंबरमधल्या त्सुनामीनंतर तो वर आला असं आपण सांगतो, म्हणून हे नाव. भरतीला त्याचा बराचसा भाग पाण्याखाली जातो हे आपल्याला माहीत आहे, त्या जोडप्याला नाही. ते दोघं हातात हात घालून पार टोकाला गेले. भरती लागली. शिट्ट्या मारल्या, हाका मारल्या. परत आले तेव्हा कमरेएवढ्या पाण्यातून, मोबाइल डोक्यावर धरून, खिदळत. रात्री त्यांचा रील आला असणार. खाली बदामांचा पाऊस पडला असणार.

काहीच झालं नाही. सगळे सुखरूप घरी गेले. आणि नेमकं यामुळेच उद्या पुन्हा तेच होणार. ज्या दिवशी काही होत नाही त्या दिवशी ‘काय होवचा नाय’ खरं ठरतं, आणि असे दिवस वर्षात शेकड्यांनी असतात. एक दिवस मात्र तसा नसतो.

२४ मे २०२२ आठवतो? तारकर्लीला स्कूबा करून परतणारी होडी किनाऱ्याजवळ येता येता उलटली. वीसेक माणसं होती. दोन पर्यटक गेले. भर समुद्रात नव्हे, किनारा दिसत असताना. तारीख नीट बघा: २४ मे. आपल्याकडे होड्यांचा मोसम २५ मेपर्यंत, २६ मे ते ३१ ऑगस्ट बंदी. म्हणजे मोसमाचा एक दिवस उरला होता.

आता दुसरी तारीख. २५ मे २०२५. त्या दिवशी मान्सून देवगडात दाखल झाला. नेहमी जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा पाऊस मोसमाच्या शेवटच्या दिवशीच दारात. त्याआधीचे दोन-तीन दिवस किनाऱ्यासमोर कमी दाबाचा पट्टा, दर्या खवळलेला. कागदावर मोसम चालू. तिसरी तारीख १६ मे २०२१. तौक्ते आपल्या किनाऱ्यावरून गेलं. त्या वर्षी लॉकडाउन होता म्हणून जेट्या रिकाम्या होत्या. नसता तर मे महिन्याचा ऐन हंगाम होता.

या तीन तारखांचा अर्थ सरळ आहे. समुद्र कॅलेंडर वाचत नाही. २५ मे ही सरकारने सोयीसाठी आखलेली रेघ आहे. २४ मेचा दर्या सुरक्षित आणि २६ मेचा धोक्याचा, असं कुठल्याही तांडेलाला विचारलंत तर तो तोंडावर हसेल. मग मेच्या शेवटच्या आठवड्यात तोच तांडेल होडी का सोडतो? कारण पुढचे तीन महिने चूल बंद. या शेवटच्या आठ दिवसांत जेवढं मिळेल तेवढं ओढायचं. म्हणजे दर्या बिघडायला लागतो नेमक्या त्याच दिवसांत गर्दी सगळ्यात जास्त, घाई सगळ्यात जास्त, आणि होडीत माणसंही सगळ्यात जास्त. ही व्यवस्था अपघाताला आमंत्रणच देते.

आता तुमचे मुद्दे. ते मला तोंडपाठ आहेत, कारण चहाच्या टपरीवर गेली दोन वर्षं तेच ऐकतोय.

पहिला: ‘तुका काय कळता रे दर्यातला? आमचो जन्म दर्यात गेलो.’

मान्य. शंभर टक्के मान्य. हे ज्ञान आजचं नाही. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. भोवतीच्या पाण्यात दडलेले खडक हीच त्या किल्ल्याची पहिली तटबंदी. त्या खडकांतून वाट काढणं इथल्या माणसालाच जमायचं. पण दादा, मासेमारीला जाताना तुमच्या होडीत कोण असतं? दर्याची सवय असलेले खलाशी. कधी बसायचं, कधी कुठल्या अंगाला सरकायचं, हे त्यांना सांगावं लागत नाही. जाळी, बर्फ, मासळी हे सगळं वजन तळाला असतं. पर्यटकांच्या फेरीत काय असतं? पाण्याची ओळख नसलेली माणसं, उंच बाकांवर बसलेली, त्यातली निम्मी उभी, आणि डॉल्फिन दिसला की एका अंगाला धावणारी. वजन वर गेलं की होडी लवकर कलते आणि कललेली सावरत नाही. मुखावर तर आणखी वाईट. ओहोटीचं पाणी बाहेर जोरात निघालेलं असतं, समोरून समुद्राची लाट येते, दोघांची गाठ उथळ वाळूवर पडते. लाट उभी राहते आणि फुटते. तुमचं ज्ञान तेच आहे. होडीतला माल बदललाय.

केरळात ७ मे २०२३ ला तानूरला हेच झालं. मासेमारीच्या होडीची पर्यटकांची बोट केलेली, क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली, अंधार पडल्यावरची फेरी. २२ जीव गेले, त्यात लहान मुलं. तिथलेही होडीवाले समुद्रात जन्मलेलेच होते.

दुसरा मुद्दा: ‘चूक आपली नसताना पण अपघात होतातच की.’

होतात. म्हणूनच तर जॅकेट. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या बोटीवर नौदलाची स्पीडबोट येऊन आदळली. १५ माणसं गेली. त्या बोटीतल्या प्रवाशांनी त्या दिवशी काय चूक केली होती? ते तर घारापुरीची लेणी बघायला निघाले होते. त्यानंतर गेटवेवर जॅकेट सक्तीचं झालं. म्हणजे सक्ती आली, पण १५ माणसं गेल्यावर. आपण किती माणसांची वाट बघतोय?

आणि जॅकेट म्हणजे हातात दिलेलं जॅकेट नव्हे. बक्कल न लावलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर वर सरकून तोंडावर येतं, माणूस आतून निसटतो. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट घातलं तर ते पोर त्यातून खाली घसरतं. वर्षानुवर्षं उन्हात टांगलेला, दाबला गेलेला फोम पूर्वीसारखा तरंगत नाही. बाकाखाली ठेवलेलं जॅकेट होडी उलटल्यावर बाकाखालीच राहतं. ते घालायला तेव्हा वेळ नसतो. होडी उलटायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

तिसरा मुद्दा: ‘पर्यटकच ऐकत नाहीत. जास्त बोललो तर शेजारच्या होडीत जाऊन बसतात.’

हा एकच मुद्दा खरा आहे, आणि सगळी गोम इथेच आहे. त्या दिवशी आमच्या तांडेलाने त्या मुलीला ‘नाही, जॅकेट काढायचं नाही’ म्हटलं असतं तर? तोंडं वाकडी झाली असती. दुसऱ्या दिवशी इंटरनेटवर एक स्टार पडला असता, ‘बोटवाला उद्धट’. एजंटने पुढचं गिऱ्हाईक दुसऱ्याला दिलं असतं. एकटा माणूस ‘नाही’ म्हणतो तेव्हा त्याचा धंदा जातो आणि गिऱ्हाईक तरीही दर्यात जातंच, फक्त दुसऱ्याच्या होडीतून. म्हणून एकट्याने शहाणं व्हा असं मी सांगणारच नाही. त्याने काही होत नाही. ‘नाही’ म्हणायचं असेल तर सगळ्या जेटीने एकत्र म्हणावं लागेल.

चौथा मुद्दा, नेहमीचा: ‘आपल्याच माणसांच्या पोटार पाय कित्याक देतंस? बदनामी होता ना कोकणाची.’

बदनामी माझ्या पोस्टने होत नाही. २०२२ च्या त्या २४ मेला कुणी पोस्ट लिहिली नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी राज्यभरच्या टीव्हीवर तारकर्लीच होती. आणि पोटावर पायाचंच म्हणाल तर जरा हिशेब करा. अपघात झाला की कोण अडकतं? पुण्या-मुंबईत बसून ‘कपल स्पेशल आयलंड क्रूझ’ विकणारा एजंट? त्याने कमिशन घेतलं, त्याचा फोन बंद. रिसॉर्टवाला? तो म्हणेल, आमचा बोटीशी संबंध नाही. अडकतो तो तांडेल. निष्काळजीपणाने मृत्यू, भारतीय न्याय संहिता कलम १०६. जुन्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद होती, १ जुलै २०२४ पासून ती पाच वर्षांपर्यंत झाली आहे. कमाई सगळ्यांची आणि केस एकट्या तांडेलावर. मग पोटावर पाय कोण देतंय? दोन सीट जादा भरायला लावणारे, की भरू नका म्हणणारे?

पाचवा: ‘सरकार काय करता?’

बरोबर प्रश्न. मेरीटाइम बोर्डाने परवाना दिला, होडीवर प्रवासी क्षमता लिहून घेतली, बंदीचं पत्रक काढलं. त्यानंतर भर मे महिन्यात जेटीवर डोकी मोजणारा माणूस तुम्ही शेवटचा कधी पाहिलात, ते तुम्हीच आठवा. बोर्डाला जाब विचारायलाच हवा आणि मी विचारणार आहे. पण सरकार येईपर्यंत होडी आपणच सोडतोय. जेटीवरचा दोर सरकार सोडत नाही.

आता एक आठवण करून देतो. थोडी झोंबेल.

पर्ससीनवाल्यांविरुद्ध याच मालवणात आपण रस्त्यावर उतरलो होतो. काय सांगत होतो आपण तेव्हा? समुद्राला हद्द आहे. समुद्राला मोसम आहे. दोन पैसे जास्त मिळतात म्हणून जाळं कुठेही, कधीही, कितीही टाकायचं नसतं. परवाना खिशात आहे म्हणून समुद्र तुमचा होत नाही. आपण भांडलो, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारला पर्ससीनवर निर्बंध आणावे लागले. ते निर्बंध नीट पाळले जात नाहीत म्हणून आपण आजही बोंब मारतो, आणि बरोबरच मारतो.

मग तीच वाक्यं आपल्या पर्यटनाला लावून बघा. हद्द, मोसम, किती आणि कधी. पर्ससीनवाल्याने नियम मोडला तर तो दर्याचा वैरी, आणि आपण क्षमतेपेक्षा सहा माणसं जास्त भरली तर ती पोटाची खळगी? मासळीसाठी नियम मागणाऱ्या माणसांनी माणसांसाठी नियम नको म्हणावं, हे मला तरी पटत नाही.

आणि एकत्र ‘नाही’ म्हणणं आपल्याला जमत नाही असं कुणी म्हणू नये. रापण आपलीच ना? एकाने ओढून रापण येत नाही. सगळा वाडा दोरीला लागतो आणि मग प्रत्येकाला वाटा मिळतो. कुणी कुठे उभं राहायचं, वाटा कसा पाडायचा, याचे नियम कुठल्या सरकारने लिहून दिले होते? आपल्या आज्या-पणज्यांनी ठरवले आणि पाळले. तीच पद्धत जेटीवर का नको?

म्हणून या पावसाळ्यात, होड्या वर ओढलेल्या असताना, हातात तीन महिने रिकामे असताना, एकदा सगळ्यांनी बसायचं आणि एवढं ठरवायचं:

१. जॅकेट बक्कल लावून अंगावर असल्याशिवाय दोर सुटणार नाही. परत जेटीला लागेपर्यंत निघणार नाही. फोटोलाही नाही. लहान मुलांची जॅकेटं वेगळी. त्यांचा खर्च सगळ्यांनी मिळून करायचा.

२. डोकी मोजायचा माणूस जेटीचा, होडीचा नाही. जाताना किती, येताना किती, वहीत लिहायचं. क्षमतेपेक्षा एक जरी जास्त असेल तर उतरवायचं.

३. रोज सकाळी जेटीवर फळा. भरती-ओहोटीच्या वेळा, वारा, लाटांचा इशारा. हैदराबादची इन्कॉइस संस्था उंच लाटांचे इशारे देते, ते मोबाइलवर फुकट मिळतात. चार जुने तांडेल मिळून ठरवतील: आज लाल बावटा की नाही. लाल बावटा असेल तर तारीख १५ मे असो की २४ मे, होडी सुटणार नाही. कुणाचीच नाही.

४. त्सुनामी बेटावर भरती लागायच्या आधी अर्धा तास शेवटची होडी निघणार. टोकाला दोर बांधायचा. त्याच्या पलीकडे कुणी जाणार नाही, मग रील कितीही चांगला येवो.

५. प्रत्येक फेरीमागे थोडे पैसे बाजूला काढून एक बचावहोडी दिवसभर मुखाजवळ उभी ठेवायची. पाळीपाळीने. त्या दिवशी तिला धंदा नाही, पण वाटा आहे. रापणीसारखा.

६. जो मोडेल त्याला आठ दिवस जेटी बंद. तो सरपंचाचा भाऊ असला तरी.

यातलं एकही काम असं नाही की ज्याला मंत्रालयातून फाइल यावी लागेल. आणि हे आपण ठरवलं, लिहून काढलं, तर मग बोर्डासमोर ताठ मानेने जाता येईल. आम्ही आमचं केलं, आता तुमचा माणूस जेटीवर द्या.

पर्यटक म्हणून इथे येणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर तुम्हालाही दोनच शब्द. या, जरूर या, जोडीने या. कोकण तुमचंच आहे. होडीत चढण्याआधी बाजूला रंगवलेला प्रवाशांचा आकडा वाचा आणि आतली माणसं मोजा. तांडेल ‘बसा’ म्हणाला तर बसा. ‘आज नाही’ म्हणाला तर भांडू नका, एक स्टार देऊ नका. उलट त्याचे आभार माना. तो स्वतःच्या दिवसाची कमाई सोडून ते सांगत असतो.

ते जोडपं पुढच्या मे महिन्यात पुन्हा येईल अशी माझी इच्छा आहे. त्याच्या पुढच्या वर्षी पोर घेऊन यावं. त्या पोराच्या अंगावर त्याच्या मापाचं जॅकेट असावं, एवढंच मागणं आहे.

पटलं तर आपल्या वाडीच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर समोर येऊन भांडा, मी इथेच आहे. फक्त एक विनंती, उत्तर म्हणून ‘काय होवचा नाय’ तेवढं लिहू नका.